देवीचा तांबडा

तलासरीकडच्या आमच्या पाड्यात जमनाचा तांबडा कोंबडा कुणाच्याही घरात शिरायचा, सांडलेला भात टिपायचा आणि त्याला कुणी हाकलत नसे. त्याच्या डाव्या पायाचं एक नख खुडलेलं होतं. ती नवसाची खूण. जमनाचा नवरा लाहू गुजरातेतल्या मासेमारी बोटीवर खलाशी. ती बोट पाकिस्तानने धरली तेव्हा जमना बोलून गेली होती, "महालक्ष्मी, माझा माणूस घरी आण. तुझ्या जत्रेत हा तुला देईन."

पिल्लू असताना लाहूनेच त्याला तळहातावर कण्या चारल्या होत्या. आता जमना चारायची.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत विमानं सीमेपार गेली. दुकानातल्या टीव्हीसमोरून शेजारची नवशी धावत आली.

"जमने, लढाई लागली! आता कोण सोडतो? कोंबडा आजच देऊन टाक. देवी धावंल तरी."

"आणि मिळालं म्हणून देवी विसरली तर?"

"मग बस कोंबड्याची बायको होऊन!" नवशी फणकारली.

जमनाच्या मनाने घेतलं होतं, तांबडा जिवंत आहे तोवर देवीचं देणं बाकी, तोवर लाहूला काही होणार नाही. मग तिला कुठे बसवेना. घार दिसली की काठी घेऊन अंगणात. मुंगसाचं भय, कुत्र्याचं भय. घोलवडच्या चिकूवाडीत कामाला जातानाही तांबडा टोपलीत बरोबर. हात फांदीवर, नजर खाली टोपलीकडे.

"हेर पकडलास काय गं?" मुकादम विचारायचा. सगळे हसत. तीही हसायची आणि टोपलीवरचा दगड चाचपून बघायची.

चैत्रात लाहू सुटून आला. वाळलेला, दाढी पिकलेली. त्याने तळहातावर कण्या धरल्या. तांबड्याने बघितलं आणि तो जमनाच्या मागे जाऊन उभा राहिला.

"माझाच कोंबडा फितूर झाला की," लाहू म्हणाला.

जमना हसली नाही. "दुसरा घेऊया का देवीला?"

"बोललीस तो हाच ना?"

त्याच्या हाडं निघालेल्या मनगटांकडे ती बघत राहिली. "हाच."

जत्रेच्या वाटेवर लाहू म्हणाला, "दे, मी धरतो."

"राहू दे."

तांबड्याचं काळीज तिच्या तळव्यावर धडधडत होतं. पुढे ढोल वाजत होते. डोक्यावरून घारीची सावली सरकली, आणि जमनाने घाईघाईने त्याच्यावर पदर ओढला.