मागच्या ॲक्सलचं लिंबू

एका सोमवारी सकाळी माझा भाऊ गाडी ओढ्यात सोडून टेकडीवर चालत गेला आणि वर पोचला नाही.

त्यानंतर शिरूर कासारच्या आमच्या घरी मी ऐकून घेण्याचं काम केलं. बसायला (सांत्वनाला) येणारा प्रत्येक जण सोबत एक सल्ला आणत होता. अर्धं गाव ऊस तोडायला गेलेलं असल्यामुळे सल्ले निम्म्यावर आले, ही त्यातल्या त्यात दैवाची कृपा. चुलतभाऊ आण्णाने चौकात श्रद्धांजलीचा फलक लावला. त्यावर दादाचा फोटो होता. आण्णाचा त्याहून मोठा होता, आणि दोघांतला नेमका कोण गेला हे परगावच्या माणसाला विचारून घ्यावं लागत होतं.

तेरावा झाल्यावर मी पुण्याला माझ्या ग्रंथालयात परतलो. तिथे कुणी बोलत नाही. ही संस्था किती थोर आहे हे मला तेव्हा कळलं. मग वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, आण्णा गाडी न्यायची म्हनतेत. मागचं लॉक चालत न्हाई, चढ चढत न्हाई, मग ठेवून काय करता, म्हने. मी म्हनलं, भाऊजी येऊन बघतील."

"मी? वहिनी, मला गाडीतलं काय कळतं?"

"तुमी पुस्तकं वाचता न्हवं? गाडीचं बी एक पुस्तक हाय कप्प्यात. कुनी उघडलं न्हाई अजून."

प्रश्न गाडीचा नव्हता. आमची मेंढरं टेकडीवरच्या माळावर असतात. वर पाणी नाही. दादा त्या चारही चाकं ओढणाऱ्या पिकअपमध्ये पाण्याचे ड्रम घालून चढायचा. गाडी गेली की मेंढरं विकावी लागणार, आणि मेंढरं गेली की वहिनींना आण्णाच्या ओसरीवर भाजी निवडत बसण्याचं मानाचं पद मिळणार. लॉक काही महिन्यांपासून बंद होतं. दादाने शहरातल्या सेवा केंद्रात विचारलं होतं, तर त्यांनी संगणक लावून गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग तो ड्रम खाली ठेवून कॅन हातात घेऊन चालत चढू लागला. त्या सोमवारीही त्याच्या दोन्ही हातांत कॅन होते.

म्हणून मी निघालो. गाडी ओढ्यातून काढून कडा गावी बबन वायरमनच्या गॅरेजात नेऊन ठेवली होती. एसटीच्या खिडकीची काच लागत नव्हती, त्यामुळे नगर जिल्ह्यातली बरीचशी धूळ मी बीड जिल्ह्यात आणली. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "कुठं निघालात?"

"कड्याला. गाडी दुरुस्त करायला."

"मेस्त्री हाव का?"

"ग्रंथपाल आहे."

त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

बबनचं गॅरेज म्हणजे लिंबाच्या झाडाखाली पत्रा आणि पत्र्याखाली बबन. "मोठ्या मालकाची गाडी. लई वाईट झालं सर," म्हणून त्याने डोकं हलवलं आणि लगेच निदान सांगितलं. "आतलं कॉईल जळालं. ॲक्सल उघडावा लागतोय."

"तपासलंत का?"

"तपासायचं काय त्यात? मला दिसतंय ना."

मी कप्प्यातून पुस्तिका काढली. तिच्यात सगळं शांतपणे लिहिलेलं होतं. दादा गेल्यानंतर मला इतक्या स्वच्छ भाषेत कुणी काही समजावलं नव्हतं. डिफरन्शियल म्हणजे दोन मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. वळणावर एका चाकाला जास्त फिरावं लागतं, तेवढ्यापुरती ती उपयोगी. पण चढावर एक चाक घसरलं की ही पेटी सगळी ताकद त्या घसरणाऱ्या, जागेवर फुकट फिरणाऱ्या चाकाला देते, आणि जमीन धरून उभं असलेलं चाक बघत राहतं. आमच्या तालुक्यात या व्यवस्थेला नेतृत्व म्हणतात. यंत्र बनवणाऱ्यांना मात्र हा दोष वाटला आणि त्यांनी त्यावर विजेचं लॉक बसवलं. बटण दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात.

आमचं बटण दाबलं की दिवा नुसता लुकलुकायचा. लॉक लागल्यावर तो स्थिर व्हायला हवा होता. मी पुस्तिकेतला क्रम वाचत गेलो आणि बबन नाराजीने करत गेला. फ्यूज चांगला होता. रिले (वीज पुढे सोडणारी डबी) टक वाजत होता. "आता ॲक्सलजवळच्या जोडावर वीज येते का बघा," मी म्हणालो.

बबन गाडीखाली सरकला.

"सर, इकडं या."

मीही सरकलो. ॲक्सलवर, वायरीच्या जोडापाशी, नारळाएवढं एक गाठोडं होतं. लिंबू, मिरच्या, बिब्बे, काळ्या चिंध्या. एकावर एक, थरावर थर, तारेने आवळलेले. आतली लिंबं काळी पडून वाळली होती, वरची अजून पिवळट होती. जोड त्या गाठोड्याच्या पोटात होता.

"आवसंला बांधत्यात तसलं हाय," बबन म्हणाला. "पर जुनं सोडून नवं बांधत्यात. हे कुनी काढलंच न्हाई."

"मग काढा आता."

"मी?" तो बाहेर सरकला आणि हात पुसू लागला. "ज्यानं बांधलं त्यानं सोडायचं. मी हात लावला आन् उद्या माझ्या घरात कुनी आजारी पडलं तर? तुमी काढा की."

"मी असलं मानत नाही."

"मग काढा."

मी पक्कड हातात घेतली. गाठोड्याकडे पाहिलं. मग पुस्तिकेत याबद्दल काही सूचना आहे का ते पाहू लागलो. बबन माझ्यापेक्षा प्रामाणिक होता, एवढंच.

दुपारी खानावळीत भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्यांच्या पिठाची) आमटी जेवलो. आमटी इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या दिवसांत प्रथमच कुणी त्याचं कारण विचारलं नाही. जेवून आम्ही तशीच गाडी घेऊन शिरूरला निघालो.

डोंगर बोडके होते. रानात काढणीनंतरच्या पऱ्हाट्या (कापसाची झाडं) उभ्या होत्या. वाटेतल्या वस्त्यांवर कुलपं, आणि कुलपांची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या. एका ओढ्यावर पुलाचं काम चालू असल्याचा फलक होता. काम कुठे चालू होतं ते दिसलं नाही, फलक मात्र गंजेपर्यंत इमानदारीने उभा होता. पात्रातल्या वाळूत आमचं एक मागचं चाक घसरलं आणि जागेवर भिरभिरू लागलं. दुसरं निश्चल. उसाच्या फडावर बिऱ्हाड घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरने आम्हाला ओढून काढलं.

"मोठी गाडी, आन् ओढायला आमी," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "लॉक न्हाई का हिला?"

"आहे," मी म्हणालो. "नजर लागू नये म्हणून बंद ठेवलंय."

बबन हसला नाही. मीही हसून बोललो नव्हतो. ते गाठोडं कुणी बांधलं असेल हे मला कड्यालाच कळलं होतं. उरलेला रस्ता मी एकाच विचारात काढला: वहिनींना काय सांगायचं.

घरासमोर खुर्ची टाकून आण्णा चहा पीत होता. सोबत ड्रायव्हर, झेंडूचा हार, आणि नव्या मालकीसाठी आणलेली ताजी लिंबू-मिरची.

"झाली का बे दुरुस्त?" त्याने बबनला विचारलं, मग मला म्हणाला, "तू पुस्तकातला माणूस. कशाला त्रास घेतला? वहिनीच्या डोक्याचा ताप मी नेतो की."

आण्णाला दुसऱ्याचा ताप, त्यातही चाकं असलेला, फार लवकर दिसतो.

वहिनी बाहेर आल्या. मी हळू आवाजात सांगितलं, "जोडाजवळ काहीतरी बांधलेलं आहे. बबन म्हणतो, बांधणाऱ्यानेच सोडायचं."

त्यांनी मान हलवली. आत जाऊन विळा आणला, पदर खोचला आणि सगळ्यांदेखत गाडीखाली सरकल्या. तेराव्यानंतर बाईने असं करावं का, यावर आण्णाने तोंड उघडलं. पण ज्यांना पटवायचं त्या गाडीखाली होत्या. मीही आत गेलो.

विळ्याने तार तुटेना. त्यांनी एकेक थर उकलला. शेवटी जोड दिसला. त्यावर हिरवा गंज चढला होता, आणि वायरीची तांब्याची तार धाग्यासारखी उरली होती.

"वायर जुनी झाली होती," मी म्हणालो.

"खोटं कावून (का) बोलता भाऊजी?" त्या जोडाकडेच बघत होत्या. "लिंबानं खाल्ली."

मी वाळकी लिंबं बाजूला सारली.

"पुढं बांधलं की ते काढून टाकायचे. अडानी म्हनायचे मला. म्हनून मागं बांधत गेले, त्यांना दिसू ने म्हनून. दिवाळीनंतरच्या आवसंला बी बांधलं."

"डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका बसल्या जागीही आला असता."

"डॉक्टर बसल्या जागीच व्हते. चढावर न्हवते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "गाडीला मातर नजर लागली न्हाई. बघा, एक ओरखडा न्हाई."

त्या बाहेर सरकल्या. बबनने खराब तार कापली, चांगली टोकं जोडून पट्टी गुंडाळली. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. लॉक नसताना एक चाक हाताने पुढे फिरवलं की दुसरं मागे फिरतं, अगदी आमच्या भाऊबंदकीसारखं. बटण दाबल्यावर दोन्ही एका दिशेने फिरली. "मी म्हनलं व्हतं ना, वायरचं काम हाय," बबन म्हणाला. कॉईलचा उल्लेख कुणी केला नाही.

आण्णा म्हणाला, "उभ्या गाडीत काय, कुनीबी लावंल. चढावर दाखवा."

वहिनींनी ड्रम भरायला सांगितले आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. दादाने त्यांना सिंदफणा नदीच्या कोरड्या पात्रात शिकवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. आण्णाला तर नक्कीच नव्हतं.

ओढा ओलांडून चढ सुरू झाला. मुरूम निसटत होता. मध्यावर मागचं चाक घसरलं. त्यांनी बटण दाबलं. दिवा लुकलुकत राहिला.

"भाऊजी, पुस्तक."

मी वाचलं. "लॉक लगेच लागत नाही. दाते जुळावे लागतात. गाडी किंचित पुढे-मागे होऊ द्या."

त्यांनी ब्रेक थोडा सोडला. गाडी हातभर मागे आली, आणि दिवा स्थिर झाला. दोन्ही चाकांनी एकदम जमीन धरली. दादा जिथे पडला ती जागा डाव्या हाताला आली. चढावर थांबू नये, असं पुस्तिकेत होतं. वहिनी थांबल्या नाहीत. त्यांनी डावीकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. तिथे एक कॅन अजून पडलेला होता.

माळावर ड्रम उघडल्याचा आवाज होताच मेंढरं पळत आली. आम्ही ती पिताना बघत बसलो. वहिनी तिथे पहिल्यांदा रडल्या. मेंढक्याने पाठ फिरवून काठी चाचपायला घेतली.

खाली उतरल्यावर आण्णाने लिंबू-मिरची पुढे केली. "बरं, तुमीच ठेवा गाडी. पर एवढं तरी बांधा."

"तुमच्या गाडीला बांधा," वहिनी म्हणाल्या. "पुढं. दिसंल असं."

परतीच्या एसटीत खिडकी लागत होती, पण उघडत नव्हती. प्रवासाने माणूस शहाणा होतो असं आमच्या ग्रंथालयातली बरीच पुस्तकं सांगतात. मी एवढंच शिकलो की माया चुकीच्या जागी बांधली तर ती वायर खाते, आणि हे ज्याला सांगावं तो आता नाही.

गाडी शिरूरला आहे. वहिनी चालवतात. मेंढरं माळावर आहेत. कॅन मी आणला, तो पुण्यात माझ्या टेबलाखाली आहे.