यंत्राला मानवलेली खोली

त्यांना सगळे दोरेकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. हातभर वेताची काठी, तिच्या टोकाला वीतभर पांढरा रेशमी दोरा, हे त्यांचं हत्यार. खोलीतली हवा कुठून येते, कुठे जाते, कुठे अडून बसते ते तो दोरा सांगायचा. नव्या पोरांकडे आकडे दाखवणारी उपकरणं आली, तरी काकांनी काठी सोडली नाही. "उपकरणाचा सेल संपतो," ते म्हणत, "माझ्या दोऱ्याला सेलच नाही."

नेटवर्कची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. यंत्र येण्याआधी जागा बघून यायची. लेक द्यायच्या आधी मामा जसा सासरचं घर बघून येतो, तसं. उजेड आहे का, ओल आहे का, माणसं बरी आहेत का. फरक इतकाच, की माणसं बरी आहेत का हे त्यांच्या फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं.

बंद पडलेल्या नाट्यगृहाची जागा त्यांच्याकडे आली तेव्हा निवृत्तीला दोन महिने उरले होते. शहराची अँब्युलन्स बोलावण्याचे सगळे फोन आता तिथून फिरायचे होते. त्यासाठी एक राउटर येणार होता. रुंदी एकोणीस इंच, रॅकच्या मापात सात घरं, म्हणजे उंची सव्वाबारा इंच. वजन अठ्ठेचाळीस किलो, दोन माणसांनीच उचलायचा. समोर अडीच फूट मोकळे, मागे दोन. पुढून गार हवा घेणार, मागून गरम सोडणार. पाच ते चाळीस अंशांच्या आत सुखात राहणार. ओल चालेल, पण दव धरता कामा नये. धूळ तर अजिबात नको. "डोंगरावर दहा हजार फुटांपर्यंत चालतो म्हणे," काका घरी लेकीला सांगत, "आपल्याला दुसऱ्या जिन्यावर धाप लागते."

रंगमंचाच्या पोटात एक दगडी खोली होती. जाड भिंती, खिडकी नाही, उन्हाळ्यातही थंड. वरच्या फळ्यांमधून कित्येक वर्षांची धूळ झिरपून सगळीकडे पिठासारखी पसरली होती. तिला रंगाचा, जुन्या कापडाचा, फुंकून विझवलेल्या वातीचा वास येत होता. काकांनी दोरा धरला. तो ओळंब्यासारखा सरळ लोंबत राहिला. मेलेली हवा. त्यांनी फॉर्म भरला. छताच्या फळ्या बंद करा. दाराला धूळ येऊ नये म्हणून चारी बाजूंनी रबर लावा. भिंतीत वर एक गोल भोक आहे, तिथे गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. अर्थिंगचा खड्डा नवा खणा.

सगळं त्यांच्या शब्दाप्रमाणे झालं. राउटर रॅकमध्ये चढला, हिरवे दिवे लागले. दहा दिवस चाचणी, मग दोरेकाकांची सही, मग शहराचे फोन इकडे वळवायचे, असं ठरलं. चाचणीच्या काळात दिव्यांवर नजर ठेवायला टेबल-खुर्ची टाकून जी मुलगी बसवली, ती काकांचीच लेक. नोकरी काकांनीच शब्द टाकून मिळवून दिली होती.

पाचव्या दिवशी लेक घरी आली ती बूट न काढता भिंतीला टेकून बसली.

"बाबा, ती खोली पूर्वी कसली होती?"

"अडगळीची असेल. का गं?"

"दुपारी वरून कुणीतरी चालतं. रंगमंचावर. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. मी वर जाऊन बघितलं. धुळीवर माझ्याच पावलांचे ठसे." ती बुटाची नाडी सोडू लागली. "आणि रॅकच्या मागे कोपऱ्यात एक बाई बसते."

काका हसले, पण हसू ओठांवर अर्धंच आलं. "पोरी, नाट्यगृहात भूत नसेल तर मालक तिकिटाचे पैसे परत देतो. जेव आणि झोप."

सातव्या दिवशी तिला साहेबांनी कागद दिला. टेबलावर डोकं ठेवून झोपलेली सापडली होती. पुन्हा असं घडलं तर काढून टाकू. कार्यालयात कुजबुज सुरू झाली. दोरेकाकांच्या मुलीचं डोकं जरा हललंय, बाया दिसतात तिला. काकांच्या कानावर ते आलं. नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण पोरीचं डोकंच खरंच ठिकाणावर नसेल तर? बायको गेल्यावर एवढी एकच तर उरली होती.

दहाव्या दिवशी ते स्वतः तिच्यासोबत जाऊन बसले. सकाळ चांगली गेली. राउटरचे पंखे एकसुरात घुमत होते, भिंतीतला मोठा पंखा गरम हवा बाहेर ओढत होता. काकांनी थर्मामीटर बघितला. बावीस. ओल पंचेचाळीस टक्के. धुळीचा कण नाही. यंत्राला एवढं गोड सासर त्यांनी आयुष्यात दिलं नव्हतं.

बारा वाजले, एक वाजला. काकांच्या कपाळाभोवती कुणीतरी ओला फडका आवळून बांधावा तसं झालं. त्यांना वाटलं, वय. मग वरची फळी करकरली. एक. दोन. तीन. चार. थांबली. नट वाक्य विसरल्यावर जसा जागीच थबकतो, तशी थांबली. आणि परत चार पावलं उलट्या दिशेला.

"ऐकलंत?" लेक म्हणाली. तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

काकांना उत्तर द्यायचं होतं, जीभ उचलेना. त्यांनी रॅककडे पाहिलं. रॅकच्या मागे, जिथे दोन फूट मोकळी जागा त्यांनीच ठरवून दिली होती, तिथे एक बाई बसली होती. खाली खुर्ची नव्हती, तरी बसली होती. मांडीवर वही. डावं बोट एका ओळीवर ठेवलेलं, उजवा हात लिहीत होता. तिने मान वर केली नाही. घाई होती तिला. तिसरी घंटा होण्याआधी काहीतरी पुरं करायचं असावं, अशी घाई.

भीती वाटायला हवी होती. वाटली ती झोप. गोड, जड, गादीसारखी. इथेच मान टाकावी आणि तिचं लिहून होईपर्यंत पडून राहावं.

तशातही एकतीस वर्षांची सवय कामाला आली. हात आपोआप काठीकडे गेला. काकांनी दोरा पुढे धरला, त्या कोपऱ्याकडे.

दोरा आडवा झाला. थेट आडवा, ताठ, बोट दाखवल्यासारखा. हवा त्या बाईच्या मागून, बिनखिडकीच्या दगडी भिंतीतून येत होती आणि वरच्या पंख्याकडे धावत होती. जिथून वारा येणं शक्यच नाही तिथून वारा येत होता, आणि तो कोमट होता.

"ऊठ," काका म्हणाले. लेक हलली नाही. तिची मान टेबलावर होती. त्यांनी तिला काखेत धरून ओढलं. रबर लावलेलं दार खेचायला दोनदा जोर लावावा लागला. उघडलं तेव्हा बाहेरची हवा फस्सकन आत शिरली, आणि दोऱ्याचा ताठा गेला.

दोघं बाहेरच्या पायऱ्यांवर बसली, ऊन खात, गुरांसारखी श्वास घेत. नाट्यगृहाचा जुना डोअरकीपर आता तिथेच पहारा करत असे. तो पाणी घेऊन धावला.

पाणी पिऊन झाल्यावर काकांनी लेकीला हळूच विचारलं, "तिच्या तोंडात काय होतं?" स्वतः काय पाहिलं ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

"पेनाची टोपी," लेक म्हणाली. "दातांत धरलेली."

काकांनी मान हलवली. त्यांनीही तेच पाहिलं होतं.

डोअरकीपर खाली बसला. "तिची ती खोडच होती," तो म्हणाला. "मालक ओरडायचे, पगारापेक्षा टोप्या जास्त खातेस म्हणून."

"कोण?"

"आमची प्रॉम्प्टर बाई. संध्याकाळी विंगेत उभी राहून नटांना वाक्यं पुरवायची, आणि दुपारभर त्या खोलीत दार लावून नकला उतरवायची. प्रत्येकाला त्याच्या भूमिकेची वाक्यं हाताने लिहून द्यायची. अक्षर मोत्यासारखं. पण सारखी पेंगायची. डोकं दुखतं म्हणायची. आळशी म्हणून फार चेष्टा केली आम्ही तिची, काय सांगू. एका दुपारी प्रयोगाची वेळ झाली तरी वर आली नाही. खाली जाऊन बघतो तर वहीवर बोट तसंच, आणि गेलेली. हृदय बंद पडलं म्हणाले." त्याने रिकामा तांब्या खाली ठेवला. "एक मात्र आजवर विसरलो नाही. चेहरा असा टवटवीत, गाल गुलाबी. आमची एक नटी म्हणाली, मेल्यावर तरी रंग उतरवा हिचा. पुसायला गेले, तर रंग लावलेलाच नव्हता."

काकांनी लेकीकडे पाहिलं. पोर मूळची फिकी, आईवर गेलेली. आत्ता उन्हात तिचे गाल गुलाबी दिसत होते, पहिल्या प्रवेशाला सज्ज झालेल्या नटीसारखे.

थंडीत दारं-खिडक्या बंद करून, कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं दुखतं, मग नाही ते दिसतं, नाही ते ऐकू येतं, मग झोप येते. आणि चेहऱ्यावर लाली चढते.

"या भिंतीच्या पलीकडे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"लाँड्री. आमच्या वेळेपासूनची. दुपारी बारा ते चार बॉयलर पेटतो."

"आणि खोलीत तेव्हाही पंखा होता?"

"होता की. वरच्या त्याच गोल भोकात. धूळ ओढायला."

काका उठले तेव्हा त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. बॉयलरचं धुराडं दोन इमारतींच्या मधल्या भिंतीतून वर गेलेलं होतं. आत कुठेतरी फुटलं असणार. खोली उघडी, पंखा बंद, म्हणजे तो धूर आपल्या वाटेने वर जाई. पण पंखा लावा, दार रबराने सील करा, फळ्या बुजवा, की खोली हवेसाठी तडफडते आणि मिळेल त्या भेगेतून ओढून घेते. त्यांनी दोरा धरला होता तो पंखा बसवण्याआधी, दार उघडं ठेवून. शहाण्या माणसाने रिकाम्या बैलगाडीचं वजन करून पूल पास करावा, तशी चूक. रबर त्यांनी लिहिलं होतं. पंखा त्यांनी लिहिला होता. आणि आत बसवली होती स्वतःची पोर.

साहेब त्याच दुपारी फॉर्म घेऊन आले. "काका, सही राहिलीय. उद्या बाराला फोन वळवायचेत."

"नाही करत."

"तापमान बसतंय, ओल बसतेय, अर्थिंग बसतंय. यंत्र दहा दिवसांत एकदा तरी कुरकुरलं का?"

"यंत्राला काय धाड भरलीय? ते श्वास घेत नाही, साहेब. नुसती हवा खातं."

"फॉर्ममध्ये तसा रकाना नाही काका. उगाच मुलीसाठी..."

"बरं," काका शांतपणे म्हणाले. "तुम्ही तासभर तिच्या खुर्चीवर बसा. मी बाहेरून दार ओढून घेतो. बॉयलर पेटलेलाच आहे. तुम्ही स्वतःच्या पायांनी बाहेर आलात, की सही करतो."

साहेबांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत हिरवे दिवे लुकलुकत होते. ते आत गेले नाहीत. अग्निशमन दलाला फोन मात्र त्यांनीच केला. दलाचा माणूस हातात छोटं उपकरण घेऊन रॅकच्या मागे वाकला आणि ते उपकरण असं किंचाळलं, की तो फॉर्म साहेबांच्या हातातून खाली पडला. काकांनी उचलला. पाठीवर, कोऱ्या बाजूला, जाड अक्षरात लिहिलं, 'या खोलीत माणूस बसतो. पंखा चालू आणि दार बंद असताना हवा पुन्हा तपासावी. तोवर जागा अयोग्य.' आणि खाली सही.

फोन तीन आठवडे उशिरा वळले. लाँड्रीचं धुराडं बाहेरून नवं झालं, भेग सिमेंटने बुजली, दाराच्या खालच्या अंगाला जाळी बसली. लेकीचं टेबल वर गेलं, थेट रंगमंचावर. पडद्याच्या दांडीखाली बसून ती शहराच्या फोनांवर नजर ठेवू लागली. झोपेबद्दलचा तो कागद साहेबांनी स्वतः फाडला. माफी मागितली नाही, पण चहा पाजला. गालांची लाली दोन दिवसांत उतरली आणि पोर पुन्हा फिकी, छान दिसू लागली.

निवृत्तीच्या दिवशी, भरदुपारी, काका काठी घेऊन एकटेच खाली गेले. पंखा चालू, दार बंद, पलीकडे बॉयलर पेटलेला. दोरा दाराच्या जाळीकडून पंख्याकडे झुकला, जसा झुकायला हवा तसा. मग त्यांनी तो कोपऱ्यात धरला. सरळ. डोकं स्वच्छ होतं, वर फळ्या गप्प होत्या. आपण पाहिलं ते विषाने दाखवलं, हे त्यांनी स्वतःला पटवलं होतं. दोघांना एकच टोपी कशी दाखवली, तिथे मात्र त्यांचं गणित अडायचं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

त्यांनी घसा साफ केला. रिकाम्या खोलीत बोलायचं म्हणजे जरा लाजच वाटत होती.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही आळशी नव्हता. वर सांगितलंय मी सगळ्यांना. डोअरकीपरलाही."

दोरा हलला नाही. राउटर घुमत होता. काका थोडे थांबले, मग काठी काखेत घेऊन पाऊल न वाजवता दाराकडे गेले आणि दार अगदी हळू ओढून घेतलं, आत कुणी लिहीत बसलं असेल तर ओळ चुकू नये म्हणून.