घडीताईंचे ठिबकणारे कपडे

माझ्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या बाईंना आमच्या घरात सगळे घडीताई म्हणतात. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात त्या चादरींच्या आणि टॉवेलांच्या घड्या घालतात, आणि ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली आहे. भाजीची रिकामी पिशवीसुद्धा चौकोनी होऊनच खिशात जाते. एकदा बोलता बोलता त्यांनी माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं आणि पाकिटाएवढी घडी करून परत दिलं. मी अजून ते वाचत होते.

आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, त्या आणि मी. दोघीही भाडेकरू, दोघीही एकट्या. मालक तळमजल्यावर राहतात. त्यांच्या घरात कपडे वाळवायचे कुठे, हा भाडेकरूचा कायमचा प्रश्न. गच्चीला कुलूप. रस्त्याकडच्या कठड्यावर काही टाकायचं नाही, घराची शोभा जाते. खोलीत दोरी बांधायची नाही, भिंती ओल धरतात. राहिली मागची अरुंद गॅलरी आणि तिच्यातली एक तार. नळाकडची अर्धी माझी, जिन्याकडची अर्धी घडीताईंची. तीही एका अटीवर. खाली मालकांची स्कूटर उभी असते, तिच्यावर थेंब पडता कामा नये. म्हणून आम्ही दोघी कपडे अगदी जीव खाऊन पिळायचो.

घडीताईंची अर्धी तार बघत राहावं अशी असे. प्रत्येक कपडा दोनदा झटकलेला, काठाला काठ जुळलेला. चादर पुढे, आतले कपडे तिच्याआड. हॉटेलात घालायचा पांढरा कोट असा ताणलेला की इस्त्रीवाल्याने उपाशी मरावं.

आणि मग एका आठवड्यात ते सगळं बिघडलं. टॉवेल एका बाजूला गुडघ्यापर्यंत, दुसऱ्या बाजूला वीतभर. पांढरा कोट एका बाहीला चिमटा लावून लोंबकळत ठेवलेला. चादरी तर दिसेचनात. जे काही तारेवर होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी गप्प बसले. खाली मालकांच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या शिवणवाल्या काकूंना गप्प बसणं जमत नाही. त्यांचं शिलाईमशीन मागच्या खिडकीत आहे, तिथून मान वर केली की आमची तार दिसते. त्या वर आल्या आणि माझ्या पलंगावर बसून म्हणाल्या, "आजी, तो हात घडीताईंचा नाही."

"मग कुणाचा?"

"पुरुषाचा. आमच्या ह्यांना एकदा कपडे वाळत घालायला सांगितले होते, तर अस्सेच घातले. पायजमा नाडीने टांगला होता हो."

मला हसू आलं, पण शंका काही गेली नाही. एका खोलीत एकच माणूस, हा मालकांचा नियम. दुसरं सापडलं की खोली रिकामी करायची. घडीताईंची पाळी पहाटेची, त्या वेळी बस नसते आणि हॉटेल इथून चालत जाण्यासारखं. ही खोली गेली की नोकरीही गेली. हे सगळं ठाऊक असूनही मी त्यांच्या दारावर नजर ठेवायला लागले.

पूर्वी त्या चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभ्या राहायच्या. आता बोलायच्या ते दाराच्या फटीतून, अर्धं अंग आत ठेवून. फटीतून मलमाचा वास यायचा. माझे यजमान शेवटी शेवटी पाठीला चोळायचे तसलं मलम. म्हणजे माणूस वयस्कर असणार, असा मी हिशेब केला. एका संध्याकाळी त्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. "आजी, जरा झाकण उघडून देता? फारच घट्ट बसलंय." घरात पुरुष असेल तर तो झाकण उघडत नाही का, असं मनात आलं खरं. पण तसेही पुरुष असतात, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

मग मालक माझ्या दारात आले. हातात स्कूटर पुसायचं फडकं होतं. "काकू, वर कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरत नाही, ठिबकतंय," मी म्हणाले.

"तेही बघतोच. उद्या घडीताईंना सुट्टी आहे ना? सकाळी येतो. तुम्ही बरोबर चला, बाईमाणसाच्या खोलीत मी एकटा कसा जाणार?"

सकाळी मालकांच्या आधी आपणच बघावं म्हणून मी दार वाजवलं. कडी लावलेली नव्हती, दार आपोआप उघडलं.

घडीताई मोरीत होत्या. ओल्या चादरीचं एक टोक त्यांनी नळाला बांधलं होतं आणि दुसरं टोक डाव्या हाताने पिळत होत्या. उजव्या मनगटाला पट्टा होता. कोपऱ्यात न धुतलेल्या चादरींचा ढीग. मी पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं.

"काय हरवलंय, आजी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

"कोण असणार? हा हातसुद्धा माझा राहिला नाही." त्यांनी बोटं वळवून दाखवायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यातच थांबली. "शीर दबलीय. विश्रांती दिली तर सुधारेल म्हणतात डॉक्टर. विश्रांती मागितली की माझ्या जागी दुसरी बाई उभी राहील."

"मग तिकडे घड्या कशा घालता?"

"कोपरा हनुवटीखाली धरते. सुपरवायझर दिसला की टॉवेल उचलते, ते एका हाताने जमतात. तिकडे पिळायला यंत्र आहे, इथे नाही."

"मला सांगायचं होतं."

"तुमची शिवणकाकूंशी ऊठबस. आणि सुपरवायझरची बायको ब्लाउज कुठे शिवते? त्यांच्याकडेच. मी तुमच्यावरच नजर ठेवून होते, आजी."

तेवढ्यात जिन्यात मालकांच्या चपला वाजल्या. घडीताईंनी पट्ट्याचा हात चादरीच्या बोळ्यात खुपसला. मी नळाची गाठ सोडून ते टोक धरलं आणि पीळ घालू लागले.

मालकांनी दारामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. माझ्यापेक्षा जास्त वेळ पाहिलं. "इथे दुसरं माणूस येतं. तार सांगते."

"येतं," मी म्हणाले. "मीच. यांच्या वेळा अवघड, म्हणून कपडे मी वाळत घालते. मनगटात जोर नाही, म्हणून ठिबकतं. आता दोघी मिळून पिळू."

"तुम्ही? तुमची अर्धी तार तर अगदी सरळ असते, काकू."

ही अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. "स्वतःचं माणूस नीट करतं," मी म्हणाले. "दुसऱ्याचं कोण करतं?"

हे मात्र त्यांना लगेच पटलं. स्कूटर पुसलेलं फडकं झटकत ते खाली गेले.

तेव्हापासून आम्ही चादरी दोघी मिळून पिळतो. खाली थेंब पडत नाही. घडीताईंचे कपडे वाळत मी घालते आणि मुद्दाम वाकडे घालते, नाहीतर माझंच बोलणं खोटं पडायचं. घडीताईंना ते सोसत नाही. परवा माझी पाठ वळताच त्यांनी डाव्या हाताने एक टॉवेल काठाला काठ जुळवून सरळ केला.

खालून मशीन थांबल्याचं कळलं.

"आजी," शिवणवाल्या काकूंनी खिडकीतून मान वर केली, "आज टॉवेल फारच सरळ आलाय. कोण आलंय वर?"

"वाऱ्याने झाला असेल," मी म्हणाले आणि टॉवेलाचा एक चिमटा काढून घेतला.