राजाकडे पाठ

समुद्रापासून इतक्या लांब राहूनही समुद्र न सोडलेला माणूस जगात एकच आहे आणि ते आमचे थोरले साडू आहेत. बोरी अरब या आमच्या गावी अंगणात बनियनवर उभे राहून ते वाऱ्याची दिशा सांगतात. नौदलात होते. एकदा कुठल्याशा परदेशी राजाचं जहाज आपल्या किनाऱ्याला आलं, तेव्हा त्याच्या पुढं संरक्षणाला जे लढाऊ जहाज होतं, त्यावर साडूभाऊ पहाऱ्याला होते. राजा दिसायला कसा होता, असं गावानं साहजिकच विचारलं. "मले काय मालूम?" साडूभाऊ म्हणाले, "माही पाठ होती त्याच्याकडे. ज्याले सांभाळाचं, त्याच्याकडे पाहाचं नसते. समुद्राकडे पाहाचं असते." हा माणूस जहाजावर भाजी चिरत असणार, असं गावानं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पण साडूभाऊंनी ती सवय सोडली नाही. घरचं कुणीही बाहेर निघालं की हे मोटरसायकल घेऊन पुढं. मोटरसायकलचे आरसेही काढून ठेवलेले, कारण आरशात पाहणं म्हणजे मागं पाहणंच. आमच्या सासूबाई डोळे तपासायला ऑटोतून दारव्ह्याला निघाल्या, तर यांनी समोरून येणाऱ्या बैलगाड्यासुद्धा हात दाखवून कडेला घेतल्या. "याले सांगा कोणीतरी," सासूबाई ओरडल्या, "मी काय पळून चालली काय?"

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, सोनूचं लग्न निघालं. सासर पुसदचं. अख्खं लग्न साडूभाऊ मांडवाच्या दाराशी, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. अक्षताही त्यांनी खांद्यावरून मागं टाकल्या. बिदाईच्या आधी सोनूनं मला बाजूला घेतलं. "काकाजी, बाबांनी आज माह्याकडे एकदाही नाही पाह्यलं. मी अशीच जाऊ काय?" मी जाऊन सांगितलं. साडूभाऊ म्हणाले, "दारव्ह्यापर्यंत आपली हद्द. तिथं बाजूले होईन, सलाम ठोकीन, गाडी समोरून जाईन तवा पाहीन. आता पाह्यलं तं मले पोरगी धाडणं जमणार नाही, साडूभाऊ."

मला मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसवून डावीकडच्या बकऱ्या-म्हशी पाहायचं काम दिलं. मागं पाहायला मलाही बंदी. दारव्ह्याच्या अलीकडे त्यांनी मोटरसायकल कडेला लावली, शर्ट खाली ओढला आणि रस्त्याकडे तोंड करून कडक सलाम ठोकला. समोरून कापसाचा ट्रक गेला, दूधवाला गेला. एका एस्टीच्या ड्रायव्हरनं उलट सलामही केला. नवरीची गाडी काही येईना. साडूभाऊंचा चेहरा पांढरा पडला. ज्याला सांभाळायचं तेच मागं कुठंतरी राहून गेलं होतं. परत फिरताना त्यांनी मोटरसायकल अशी हाणली की मी डोळेच मिटून घेतले.

अर्ध्या वाटेवर, कडुनिंबाखाली नवरीची गाडी उभी होती. जावईबापू पुलाच्या कठड्यावर बसलेले, आणि शालू नेसलेली सोनू भर रस्त्यात उभी. "मीच थांबवली गाडी," ती म्हणाली. "पुढं पुढं काहून पळून राह्यले बाबा? हाका मारून मारून थकली मी."

साडूभाऊंनी आधी डावीकडच्या तुरीकडे पाहिलं, मग उजवीकडच्या. मग पाहायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी लेकीकडे पाहिलं. सलामाला उचललेला हात कपाळापर्यंत पोचलाच नाही. ते इतके मोठ्यानं रडले की जावईबापू घाबरून उभे राहिले. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

आता सोनू माहेरपण आटोपून पुसदला परत निघाली की साडूभाऊ मोटरसायकल काढतात, पण एस्टीच्या मागं. सोनू चांगल्या जागा सोडून शेवटच्या बाकावर बसते, गचके खाते आणि मागच्या काचेला तोंड लावते. यांच्या अंगावर सगळी धूळ. पुढं का जात नाही, म्हणून मी एकदा विचारलं.

"पुढून दिसत नाही न ती," साडूभाऊ म्हणाले आणि रुमालानं डोळ्यांतली धूळ पुसत राहिले.