मुकूची परवानगी

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी ऑफिसात दुपारचा डबा खाताना वाचते आणि बहुतेकांवर मनातल्या मनात ‘पुरावा जोडलेला नाही’ असा शेरा मारून मोकळी होते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायली पुढे सरकवण्यात माझी एकोणतीस वर्षं गेली आहेत. कागद बघितल्याशिवाय मी सख्ख्या नवऱ्याचंही ऐकत नाही. तेव्हा ‘तुम्हाला भास झाला असेल’ असं कृपा करून कळवू नका... ते मी स्वतःलाच इतक्या वेळा सांगून पाहिलंय की आता त्याचा उपयोग होत नाही.

आम्ही द्वारकेत राहतो, सेक्टर दहाला, सोसायटीत चौथ्या मजल्यावर. मी, माझा नवरा शिरीष आणि माझी एकोणऐंशी वर्षांची आई. माझा धाकटा भाऊ मुकुंद, म्हणजे मुकू, गाज़ियाबादला वैशालीत एकटाच राहायचा. लग्न केलं नव्हतं. तोही सरकारी नोकरीतच, दुसऱ्या खात्यात. महिन्यातून एकदा आम्ही दोघं लंच टायमात कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये भेटायचो, साबुदाणा वडा खायचो आणि आपापल्या साहेबांचा उद्धार करायचो. आठ महिन्यांपूर्वी तो सकाळी आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. हार्ट अटॅक. सत्तेचाळीस वर्षांचा होता.

त्याच आठवड्यात आईची अँजिओप्लास्टी झाली होती आणि तिला कसलाही धक्का बसता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा मी ठरवलं — मी एकटीने, शिरीष पहिल्या दिवसापासून नको म्हणत होता. आईला सांगितलं की मुकूची तातडीने अंदमानला बदली झाली, सकाळी ऑर्डर हातात पडली आणि दुपारच्या विमानाने तो गेलासुद्धा. सरकारी घरात पोस्टिंगला कोणी प्रश्न विचारत नाही. जन्मभर बाबांच्या बदल्यांमागे संसार हलवलेली बाई ती. तिने एवढंच विचारलं, जेवून गेला का? मी हो म्हटलं.

हे खोटं पंधरा दिवसांपुरतं होतं. मग आईची तब्येत जरा सुधारली, मग पुन्हा बिघडली, मग सांगायचं तर कुठल्या तोंडाने सांगायचं असं झालं. मुकूचा फोन मी माझ्या कपाटात चार्जिंगला लावून ठेवला होता. तिथे नेटवर्क नाही, फोन लागत नाही, फक्त मेसेज जातात, असं आईला पटवलं. रोज सकाळी त्याच्या फोनवरून ‘आई, गोळ्या घेतल्यास का?’ असा मेसेज मी करायचे, आणि स्वयंपाकघरातून आईच्या फोनचा टुंग आवाज ऐकायचे. आठ महिने हे केलं. भावासाठी धड रडलेसुद्धा नाही, कारण रडायला घरात जागाच नव्हती.

मग एका मंगळवारी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. द्वारकेतल्याच एका हॉस्पिटलमध्ये हलवलं. डॉक्टर म्हणाले, शुक्रवार-शनिवारपर्यंत ऑपरेशन करा. नाही केलं तर ह्या वयात अंथरुणावरच फुप्फुसात पाणी होईल आणि आई हातची जाईल. हृदयाला धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. फॉर्म आईपुढे ठेवला तर तिने पेन बाजूला सारलं.

"आधी मुकूला दाखव. मग सही."

मी समजावलं, रागावले, डॉक्टरांकडून सांगवलं. डॉक्टर हात वर करून मोकळे झाले, पेशंट पूरे होश में हैं, उनकी मर्ज़ी के बिना नहीं. शिरीष म्हणाला, आता तरी सांग. पण ऑपरेशनच्या तोंडावर मी तिला सांगू की तुझा मुलगा आठ महिन्यांपूर्वीच गेला? तिचं काळीज तिथेच थांबलं असतं, आणि ते माझ्या हातून झालं असतं.

बुधवारी ऑफिसात नुसती बसून होते. शेजारच्या टेबलावरच्या भाटिया मॅडम एआयने नातवाचे व्हिडिओ बनवतात — नातू चंद्रावर, नातू वाघावर. मला एकदम वाटलं, सुटलो! दहा सेकंद मुकू दिसला, ‘आई, ऑपरेशन करून घे, मी येतोय’ एवढं म्हणाला, की झालं. त्यांच्याकडून ते ॲप माझ्या फोनवर घेतलं. मुकूचा फोटो टाकला, तर लगेच नकार. फोटोत खरी व्यक्ती आहे, पुढे जाता येणार नाही. मग शब्दांत वर्णन लिहिलं, सत्तेचाळीस वर्षांचा, पुढून टक्कल, हनुवटीवर व्रण. त्यातून निघाला तो टीव्ही मालिकेतला कुठलातरी गुळगुळीत जावई. आईने त्याला चहा विचारला असता, मुलगा म्हटलं नसतं.

भाटिया मॅडमनी मला नियम समजावून सांगितला. खऱ्या माणसाचं पात्र बनवायचं तर त्या माणसाने स्वतः कॅमेऱ्यासमोर बसायचं, डावीकडे-उजवीकडे मान वळवायची आणि स्क्रीनवर येणारे तीन आकडे मोठ्याने म्हणायचे. मग ते पात्र कोणी वापरायचं आणि त्याच्या तोंडी काय घालायचं नाही, हे तोच ठरवणार.

"नंदा जी, जिसका चेहरा है, परमिशन उसी की चाहिए," त्या म्हणाल्या.

नियम चांगलाच आहे. दुसऱ्या कोणाची फाईल असती तर मीच त्याच्या बाजूने चार ओळी लिहिल्या असत्या. पण ज्याची परवानगी हवी त्याच्या अस्थी मी स्वतः गंगेत सोडल्या होत्या.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मेट्रोने वैशालीला गेले, मुकूच्या बंद फ्लॅटवर. मागे त्याची भिंत, त्याचा सोफा दिसला तर ॲप फसेल असं वाटलं. लाज सोडून सांगते, मुकूच्या फोनवर मुकूच्या पूर्ण नावाने खातं उघडलं. तेराव्याला करून तिथेच ठेवलेला त्याचा मोठा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला आणि डावीकडे-उजवीकडे फिरवला. फोटो धरला की स्क्रीन दिसायची नाही, म्हणून आकडे आधी बॉलपेनने तळहातावर लिहायचे. जाडा आवाज काढून ते म्हणायचे. प्रत्यक्ष व्यक्ती आढळली नाही. पुन्हा. आढळली नाही. तिसऱ्यांदा आकडे बदलून आले, १७, ४२, ८६. हात घामेजलेला, आधीचे खोडून तेही तिथेच लिहिले. पुन्हा तेच उत्तर, आणि वर ‘आणखी प्रयत्न करता येणार नाही’. तेव्हा साधारण चार वाजले होते. फोटो छातीशी धरून मी त्या सोफ्यावर बसले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडले. त्याला म्हटलं, मुकू, मी काय करू, तूच सांग.

मग तोंड धुतलं, हात साबणाने घासून शाई काढली. त्याचा फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि ब्लू लाइनने परत निघाले. राजीव चौक गेलं असेल, माझ्या फोनवर ॲपची सूचना आली. ‘मुकू’ यांनी तुम्हाला त्यांचं पात्र वापरण्याची परवानगी दिली आहे.

मुकू. खातं मी मुकुंदच्या पूर्ण नावाने उघडलं होतं. मुकू त्याला फक्त घरात म्हणायचो. पात्र उघडलं. त्याचाच चेहरा, हनुवटीवर व्रण असलेला. खाली मालकाने घातलेल्या अटींचा रकाना होता, त्यात मराठीत एकच ओळ.

‘मी येणार आहे असं माझ्या तोंडी घालू नये.’

तुम्ही म्हणाल, बाई घाबरली असेल. खरं सांगते, नाही घाबरले. मला आनंद झाला! बुडत्याला काय, हात मिळाला की तो कोणाचा हे विचारत नाही. उभ्याउभ्या, लोकांचे धक्के खात मी लिहिलं, ‘आई, ऑपरेशन करून घे, पुढच्या महिन्यात मी येणार आहे.’ नकार. मालकाच्या अटीत बसत नाही. ‘रजा मंजूर झाली आहे’ — नकार. ‘लवकरच भेटू’ — नकार. एकोणतीस वर्षं नियमांतून वाटा काढणारी मी, द्वारका येईपर्यंत सतरा प्रकारे लिहून पाहिलं. घरी पोचल्यावर हरून नुसतं लिहिलं, ‘आई, सही कर.’

व्हिडिओ तयार झाला. शिरीषला शेजारी बसवून लावला. वैशालीचा तोच सोफा, आणि मुकू. बोलला काहीच नाही. दहा सेकंद समोर पाहत राहिला आणि उजवा तळहात पुढे केला. मला वाटलं ‘सही’ वरून मशीनने काहीतरी अर्थ काढला, पेन मागतोय बहुतेक. शिरीष म्हणाला, "हे आईंना दाखवू नकोस. जाऊन सांग."

शुक्रवारी सकाळी गेले. फोन हातात होता, काढला, परत पर्समध्ये ठेवला. माझ्याच्याने होईना. पलंगाशी बसून आईचा हात धरला आणि सांगून टाकलं. मुकू अंदमानला नाही, आई. मुकू नाहीये. मेसेज मी करत होते.

मॉनिटरवरची रेघ पाहायची माझी हिंमत नव्हती.

"विमानतळ आपल्यापासून पंधरा मिनिटांवर, नंदा," ती म्हणाली. "गाज़ियाबादहून निघालेलं माझं पोर माझ्या दारावरून विमानतळावर जाईल, आणि हातावर साखर न घेता जाईल? दहावीच्या पेपरापासून कधी चुकला नाही तो. दही आवडायचं नाही, तर नुसती साखर घ्यायचा. तू जेवून गेला म्हणालीस, तेव्हाच ओळखलं मी."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. तू रोज मेसेज करायचीस... मला वाटलं, हिलाच सोडवत नाहीये."

मी तिच्या पांघरुणात तोंड खुपसलं. ती माझ्या केसांतून हात फिरवत होती, आणि अगदी सहज, दूधवाला येऊन गेला असं सांगावं तशी म्हणाली, "काल आला होता तो."

मला वाटलं औषधांची गुंगी. कधी, विचारलं. चारचा चहा आला तेव्हा, म्हणाली. इथे पायथ्याशी उभा होता.

"काय करत होता कोण जाणे. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. म्हटलं, डोळे तपासायला आलायस की काय? मग आकडे म्हणाला. सतरा, बेचाळीस, आणि तिसरा हिंदीतच, छियासी. शाळा सगळ्या हिंदी, शहाऐंशी काही त्याला कधी म्हणता आलं नाही."

ते आकडे मी कोणालाही सांगितले नव्हते, शिरीषलाही नाही. ॲपमध्ये मान कशी वळवतात हे आईला ठाऊक असणं शक्य नाही. तिला फोनवर फोटो मोठा करता येत नाही.

"आणि मग?"

"मग हात पुढे केला, नेहमीसारखा. चहाबरोबर साखरेची पुडी येते, मी तर बिनसाखरेचा पिते. ती फोडून ठेवली हातावर. गेला." तिने डोळे पुसले नाहीत. "आण तो कागद. आता कोणासाठी थांबायचंय?"

सही केली. ऑपरेशन शनिवारी झालं, निभावलं. आता ती वॉकरवर गॅलरीपर्यंत जाते आणि खालच्या भाजीवाल्याशी हिंदीत भांडते.

त्याच शुक्रवारी हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी उभी राहून मी ॲप उघडलं होतं. पात्र नव्हतं. मालकाने परवानगी मागे घेतली आहे, एवढंच लिहिलेलं, आणि त्याबरोबर व्हिडिओही गेला. मुकूचा फोन आदल्या दिवसापासून बंद, माझ्या पर्समध्ये. भाटिया मॅडम म्हणतात, सर्वर की गड़बड़ होगी. असेल. पण सर्वरला मुकू हे नाव कोणी सांगितलं, आणि आईला ते आकडे कोणी सांगितले... मी नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. त्या व्हिडिओत मुकूचा तळहात रिकामा होता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. शिरीषला आईचं साखरेचं सांगितलं. म्हणतो, तळहातावर काहीतरी पांढरं होतं, मला वाटलं तुझ्या स्क्रीनवर डाग आहे. आम्ही दोघांनी एकाच फोनवर, शेजारी बसून, तो एकदाच पाहिला. पुन्हा पाहायला आता तो नाही. आणि आठ महिने रोज खोटं लिहिणारी मी. आमच्या दोघांत खरं कोण पाहत होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.