चार धिरड्यांचा तवा

"सरकून घ्या, जागा होते!" असं म्हणताना काका उजवा पंजा उभा धरून हवेलाच हलकेच मागे ढकलायचे. एसटीत कंडक्टर होते ना! आर्वी डेपोतून निवृत्त होऊन नालवाडीत आमच्या शेजारी राहायला आले, पण पंजा काही निवृत्त झाला नाही. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, आमच्या घरच्या सोफ्यावर, कुठेही कोणी उभं दिसलं की काकांचा हात वर झालाच म्हणून समजा.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र एक माणूस जन्मभर उभं होतं.

एका सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. "मास्तरीणबाई, मोठा तवा कुठी भेटन?"

"केवढा?"

"चार धिरडे एकाच घाण्यात निघाले पाह्यजे."

घरात माणसं दोन. मी हसले. "काऊन काका, खानावळ काढता का?"

ते हसले नाहीत. कुंपणाजवळ आले आणि आवाज खाली आणला. "नोकरीत होतो तेव्हा जेवाच्या टायमाले मी कधी घरीच नसो. आता रोज पाहून राह्यलो. मी गरम-गरम खातो, अन् ते तिकडं गॅसपाशी उभी. माह्यं झालं की मग तिचं, थंडगार. साऱ्या जिंदगीभर लोकायले जागा करून देल्ली बाई, अन् माहीच बायको उभी राह्यली!"

"मग दोन धिरड्यांचा तवा पुरे की."

"अन् कोणी आलं त? ते पुन्हा उठन नं!"

धिरड्याचा स्वभाव तुम्हीही जाणता. ते वाट पाहत नाही, तव्यावरून ताटात आणि ताटातून तोंडात. म्हणून करणारी शेवटी जेवते. आपल्या घराघरांत हेच चालतं, माझ्याही घरी. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर बाजारात निघाले.

वर्ध्यातल्या भांड्यांच्या दुकानात काकांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. पुडीत काकूंनी केलेली चार धिरडी! दुकानदाराच्या नव्याकोऱ्या पॅनमध्ये ते एकेक मांडायला लागले.

"ओ काका, हे काय करून राह्यले?"

"माप घेऊन राह्यलो."

चौथं धिरडं काठावर चढलं. दुकानदार म्हणाला, "दोन-दोन करा नं, काय फरक पडते?"

"दोन-दोन करूनच त म्हातारे झालो भाऊ," म्हणत काकांनी धिरडी पुन्हा पुडीत बांधली. मी मात्र लाजेने अर्धी झाले होते.

मग ते आर्वीला जाऊन आले आणि चक्क जिलेबी तळायची पसरट तई घेऊन आले. गॅसवर ठेवली तर मधलं करपलं, कडेचं कच्चं. काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "येड लागलं या माणसाले! मले काही तरास आहे का? सवय आहे मले." दुसऱ्या दिवशी काकांनी पुन्हा पुडी घेऊन पुलगावची एसटी धरली.

तिथल्या आठवडी बाजारात तो सापडला. जाड लोखंडाचा, रुंद, दोन कड्यांचा. धिरडी चारही नीट बसली. घरी आणून काकांनी अंगणात विटांची मोठी चूल मांडली, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पसरून पेटवल्या, म्हणजे आच काठापर्यंत पोचेल. आम्हा नवरा-बायकोला आग्रहाने बोलावलं. चारही धिरडी एकदम उतरली, चार ताटांत पडली. आणि काकू म्हणाल्या, "तुम्ही खा आधी. मी बसतो मंग."

घ्या! एवढी पायपीट कशासाठी केली होती?

काकांनी घासाला हात लावला नाही. पंजा वर केला, पण आमच्याकडे बघून. "सरकून घ्या, जागा होते." आम्ही सरकलो. मधे जागा झाली. काकू पदर सावरत बसल्या. पहिला घास तोंडात टाकला आणि ओरडल्या, "अवं माय! एवढं गरम खाता तुम्ही लोक?" जीभ पोळली होती. आम्ही हसून हसून बेजार. काकाही हसत होते, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. धूर लागला म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. तवा खुंटीला लागला. एकदा लोणचं द्यायला गेले तर काकू ओट्यापाशी उभ्या, छोट्या तव्यावरूनच धिरड्याचा तुकडा मोडून खात होत्या. मला पाहून म्हणाल्या, "एकटीले काय करा लागते ताट अन् पाट." मला फार वाईट वाटलं. काकांनी बघितलं असतं तर?

रविवारी मी पीठ भिजवून नेलं. यांनी चूल पेटवली. मी काकूंना धरून पाटावर बसवलं, खुंटीवरचा तवा उतरवला आणि चार धिरडी घातली. आम्ही तिघं आहोत, हे घातल्यावर लक्षात आलं. मी ताटं वाढली आणि सवयीने चुलीपाशीच उभी राहिले. "तुम्ही सुरू करा, मी येतेच."

काकूंनी घास खाली ठेवला. त्यांचा पंजा वर आला, अगदी तसाच. "सरकून घेतलं मी. बस वं पोरी."

मी बसले. चौथं धिरडं आम्ही दोघींनी अर्धं-अर्धं खाल्लं, गरम होतं तेव्हाच.