एकाच लॉटची दोन पाकिटं

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी उगवण-चाचणीचे तक्ते कॉम्प्युटरवर भरायचे. बदनापूरहून रोजची ये-जा. एका सकाळी हंगामभराचे तक्ते गायब, त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. अँटिव्हायरसने व्हायरसचं नाव दाखवलं. आमच्या विभागाच्या साहेबांनी मग आपला लॅपटॉप तपासला. त्यांचा अँटिव्हायरस दुसऱ्या कंपनीचा; त्याने दुसरंच नाव दाखवलं. साहेबांना तेवढंच पुरलं.

मालकांसमोर ते म्हणाले, "नावं बघा ना मालक. माझ्यातला येगळा हे, मॅडमच्यातला येगळा. घरचा पेन ड्राइव्ह लावून राह्यल्या असतील."

पेन ड्राइव्ह मी कधी आणलाच नव्हता. साहेबच आपला घेऊन यायचे आणि माझ्या मशीनला लावायचे. पण माझं कोण ऐकणार? दुसऱ्या दिवसापासून मला गोदामात पाकिटांना टॅग लावायला बसवलं. बियाण्याच्या औषधाने डोळे चुरचुरायचे, पाणी मात्र रागाने यायचं. या माणसाला सोडायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

आमचं एक वाण विदर्भात एका नावाने जायचं, इकडे दुसऱ्या. पाकिटं वेगळी, लॉट नंबर एकच, म्हणजे आतलं बियाणं तेच. दोन्हींना टॅग लावता लावता माझा हात थांबला. घरी येऊन मोबाइलवर शोधलं. व्हायरसचंही तसंच निघालं. प्रत्येक अँटिव्हायरस कंपनी आपल्या मनाने नाव ठेवते, सगळ्यांचं मिळून एक नाव नसतंच. पण फाइलच्या मजकुरावरून अक्षरं-अंक मिळून एक लांबलचक आकडा काढता येतो. फाइल तीच, तर आकडा तोच.

दोन्ही मशीन साफ करायला आलेल्या दुरुस्तीवाल्याकडून मी दोन्हीकडच्या व्हायरसच्या फाइलचे आकडे आणि अँटिव्हायरसच्या इशाऱ्यांची यादी छापून घेतली. साहेब समोर बसलेले असतानाच मालकांच्या टेबलावर ती दोन पाकिटं ठेवली.

"यात येगळं काय हे, मालक?"

"काही न्हाई. लॉट एकच हे."

"मंग आता हे बघा."

मालकांनी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. दोन्ही आकडे बराबर तेच होते. खालच्या यादीत साहेबांच्या लॅपटॉपने माझे तक्ते जायच्या आठ दिवस आधीच इशारा दिल्याची नोंद होती, आणि साहेबांनी तो 'दुर्लक्ष करा' दाबून घालवल्याचीही. साहेब पंख्याकडे बघत बसले. मी त्यांच्याकडेच बघत होते, पोटभर.

मला माझी खुर्ची परत मिळाली. शिवाय मालकांनी एक रजिस्टर सुरू करायला लावलं: एका व्हायरसला ऑफिसात एकच नाव, त्याखाली बाकीची नावं, आणि प्रथम कुठे सापडला ते. पहिली नोंद मी सुवाच्य अक्षरात केली. प्रथम सापडला: विभागप्रमुखांचा लॅपटॉप.

परवा साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, जुनं झालं आता. तेवढं खोडून टाका ना."

"नाव म्हणाल ते बदलून देते, साहेब. लॉट न्हाई बदलत."

ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याला ते पान वाचायला लावते. मोठ्याने, साहेबांच्या टेबलाशेजारी उभं करून.